मे महिन्याची रजा आणि गावचं घर: पावसाआधीची कामं सकाळी मोजून कशी उरकावीत

मुंबईत नोकरी आणि कोकणात घर, चार गुंठे भात, दहा-वीस कलमं असलेल्या माणसाला मे महिन्यात जेमतेम पंधरा दिवसांची रजा मिळते. त्यात दोन लग्नं, एक पूजा, पाहुणे, मुलांचा समुद्र आणि सोमवारचा बाजार जातो. मग निघायच्या आदल्या दिवशी कौलांची आठवण होते आणि भर बारा वाजता कोणीतरी शिडी लावतं. हे टाळायचं तर रजेचे दिवस मोजण्याऐवजी सकाळी मोजाव्यात. कोकणच्या मे महिन्यात अंगमेहनतीचं काम फक्त सहा ते दहा या वेळात नीट होतं. पंधरा दिवसांच्या रजेत अशा आठ-नऊ सकाळी हाती लागतात. कौलांना तीन, विहिरीला एक, दाढीला, म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्याला, दोन, लाकूडफाटा आणि कुंपणाला एक अशा त्या आधीच वाटून टाकाव्यात.

दुपारी काम का होत नाही, हे समजून घेतलेलं बरं. किनाऱ्यावर पारा ३३-३५ अंशांच्या आसपास असतो, विदर्भासारखा ४५ ला जात नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांच्या पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीला ३७ अंश पुरतात, कारण हेच. मुंबईकराला वाटतं, दमट हवा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पंख्याखाली बसून ती सोसणं वेगळं आणि कुदळ मारत सोसणं वेगळं. शरीराला उन्हातल्या कष्टाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दोन सकाळी अर्धंच काम धरावं.

दुसरा हिशेब पावसाचा. मान्सून मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, तळकोकणात तो आणखी काही दिवस आधी येतो. जुनी माणसं २५ मेच्या सुमाराला लागणारं रोहिणी नक्षत्र आणि ७-८ जूनचा मृग यावर कामं लावतात. पण २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. त्याआधी मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची छपरं उडाली. त्यामुळे कौलं आणि विहीर २० मेपर्यंत संपलेली असावीत. रजा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मिळत असेल तर तीच घ्यावी, आंबे थोडे कमी खायला मिळाले तरी चालतील.

मुंबईतून निघण्याआधी

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ५ मेच्या गाडीसाठी ६ मार्चच्या सकाळी बसावं लागतं. ते चुकलं तर एसटी किंवा महामार्ग आहेच. सामानाचं म्हणाल तर गावच्या बाजारात महाग पडणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या वस्तूच न्याव्यात. लोहार चाळीतून वायर, होल्डर, एमसीबी. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासून जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, जाड हातमोजे. ताडपत्री घेताना कडेच्या पितळी कड्या ओढून पाहाव्यात. कडी सुटली की पहिल्याच वाऱ्यात कापड फाटतं. ओआरएसची दहा-बारा पाकिटं आणि डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी. वर्षाचा मसाला लालबागच्या मिरची गल्लीत दळून घ्यायचा असेल तर तो निघायच्या आधी दोन आठवडे उरकावा. शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते.

आणि गावी फोन करून एक कौल काढायला सांगावं. त्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव किंवा शिक्का असतो, त्याचा फोटो मागवावा. मंगलोरी कौलं दिसायला सारखी असली तरी कारखान्यागणिक त्यांच्या खाचा थोड्या निराळ्या असतात. दुसऱ्या कारखान्याचं कौल शेजारच्या कौलात पुरतं बसत नाही आणि नेमकं त्याच फटीतून गळतं. जुनी कौलं विकणाऱ्याकडे त्याच शिक्क्याचा माल मिळतो का ते आधी पाहावं. गरजेपेक्षा पंधरा-वीस नग जास्त घेऊन ठेवावेत, वानरं त्यांचा वाटा घेतातच.

कौलं

हे काम छपरावर सुरू होत नाही, माजघरात सुरू होतं. पोचल्याच्या दुपारी साडेबारा-एकला दारं-खिडक्या बंद करून, दिवे मालवून आत उभं राहावं. जिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय तिथून उन्हाचा कवडसा आत पडतो. हातात खडू घेऊन प्रत्येक कवडशाखालच्या रिपेवर (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर) खूण करत जावं, हात पोचत नसेल तर काठीला खडू बांधावा. मग वाशांवरचे काळे ओघळ पाहावेत. ओघळ आहे पण कवडसा नाही, अशी जागा जास्त वाईट. तिथे कौल धड असतं, पण त्याच्या खाचेत माती आणि शेवाळ साचून पाणी मागे फिरतं आणि आत उतरतं. अशा जागेला फुलीची वेगळी खूण करावी. गळती दिसते तिथेच पाणी शिरतं असंही नाही. वाशावरून ते दोन-तीन हात खाली वाहत येतं, म्हणून ओघळाचा माग आढ्याच्या दिशेने वर काढत जावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वर चढावं. दोघं वर, दोघं खाली. एकट्याने चढू नये. पाय नेहमी वाशाच्या रेषेवर ठेवावा, दोन वाशांच्या मधल्या कौलावर वजन दिलं की ते खाली गेलंच. अनवाणी पायांना पकड चांगली मिळते, पण साडेनऊनंतर कौल पायाला चटके देतं आणि माणूस चटका चुकवायला भलतीकडे पाय टाकतो. पडण्याचे बरेच प्रकार असेच होतात. तेवढ्या वेळात झालं तेवढं झालं म्हणून उतरावं.

खूण केलेल्या जागी कौलं काढताना वरून खाली यावं आणि बसवताना खालून, म्हणजे पागोळीकडून आढ्याकडे जावं. वरच्या कौलाचा ओठ खालच्यावर येतो, म्हणून उलट क्रम चालत नाही. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने ठोकावं. धड कौल खणखणतं, बारीक चीर गेलेलं भद्द वाजतं. चिरेचं कौल सिमेंट लावून परत ठेवू नये, एका पावसात ते सुटतं. ते पागोळीखाली जमिनीवर अंथरावं, पाण्याच्या धारेने अंगण उखडत नाही. चांगल्या कौलाच्या खाचा तारेच्या ब्रशने कोरड्याच घासाव्यात आणि कौलाची मागची टाच रिपेवर पक्की अडकली का ते हाताने ओढून पाहावं. रीप वाळवीने पोखरली असेल तर बदलताना जुनं अंतर मोजून तेच ठेवावं. बोटभर फरक पडला तरी पुढच्या सगळ्या ओळी चुकतात.

आढ्यावरच्या कोन्यांचं, म्हणजे तिथल्या वळणाच्या कौलांचं, काम तेवढं संध्याकाळी काढावं. जुना भेगाळलेला माल खरवडून, जागा भिजवून, एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू असा माल भरावा. सकाळी भरला तर दुपारच्या उन्हात त्यातलं पाणी उडतं आणि केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून जुलैत गळतं. त्यामुळे वर ओलं गोणपाट टाकून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शिंपडत राहावं. दोन छपरं मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीतला पातेरा (वाळला पाला) उपसावा. ती तुंबली की पाणी सरळ भिंतीत जातं. छपरावर आलेल्या फांद्या उतरवाव्यात, वानरांची ये-जा अर्धी तिथेच थांबते.

कौलं काढून पत्रा घालायचा विचार अनेक जण करतात. वानरांचा ताप संपतो हे खरं, पण मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही आणि वादळात एक कडा उचलली की अख्खं छप्पर जातं. घालायचाच तर कडेच्या दोन ओळींना हुक-बोल्ट मधल्या भागापेक्षा जवळजवळ मारून घ्यावेत.

विहीर

मे महिन्याच्या मध्याला पाणी तळाला जातं, गाळ काढायची हीच वेळ. आधी धोक्याचं. खोल, अरुंद किंवा बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो, आणि आत गेलेल्या माणसाला ते कळण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. दोरीला बांधून पेटता कंदील पाण्याजवळ सोडावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. पेटता राहिला तरी उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधावा आणि तो वर धरायला दोन माणसं असावीत. खालच्याने हाकेला ओ दिली नाही तर त्याला दोराने ओढून घ्यावं, त्याला आणायला दुसऱ्याने उतरू नये. डिझेलचा पंप विहिरीत उतरवून चालवू नये, त्याचा धूर आत कोंडतो आणि जीव घेतो. पंप काठावर, पाइप आत.

पाणी उपसलं की गाळ घमेल्याने वर द्यावा. झऱ्यांच्या तोंडावरचा चिखल हातानेच काढावा, पहारीने उकरलं तर झरा दिशा बदलू शकतो. दगडांच्या सांध्यात रुजलेला पिंपळ-उंबर आता बोटाएवढा असेल तर मुळासकट निघतो, पुढच्या वर्षी दगड घेऊन निघेल. गाळ कलमांच्या आळ्यात टाकावा.

रात्रभर पाणी भरू द्यावं, निवळू द्यावं आणि मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालावी. ती किती घालायची याचा अंदाज बहुतेक घरांत मुठीने होतो आणि चुकतो. हिशेब सोपा आहे: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ०.७८५ ने गुणावं. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर ३ × ३ × २ × ०.७८५ म्हणजे १४.१३ घनमीटर, सुमारे १४,१३० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे इथे ३५ ग्रॅम. पावडर ताजी, बंद पाकिटातली असावी. उघड्या डब्यात दमट हवा लागून तिचा जोर जातो.

ही पावडर तशीच विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, पाऊण बादली पाणी घालून ढवळावं आणि दहा मिनिटं ठेवावं. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावं, चुना टाकून द्यावा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं, डाळ शिजायला वेळ लागतो. निवळ पाण्याची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवावी, म्हणजे औषध सगळीकडे मिसळतं. निदान तासभर पाणी काढू नये. रात्री घालून सकाळी वापरायला घेणं सगळ्यात सोयीचं.

दाढ आणि भाजावळ

एक एकर भात लावायचं तर साधारण चार गुंठ्यांची दाढ लागते. भाजावळ, म्हणजे दाढीची जमीन पाला-शेण पेटवून भाजणं, करायची की नाही, हा निर्णय मे महिन्यात होत नाही, तो फेब्रुवारीतच झालेला असतो. कवळ (झाडांच्या पानांसकट डहाळ्या) तेव्हा तोडून वाळवलेली असेल तर करावी, नसेल तर आता हिरवी झाडं ओरबाडू नयेत. चांगलं कुजलेलं शेणखत आणि गादीवाफा यांवरही रोप उत्तम येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कलही गादीवाफ्याकडेच आहे. भाजण्याने तणाचं बी मरतं आणि राख मिळते, पण ज्या पाल्याचं खत झालं असतं तो धूर होऊन जातो.

करणाऱ्याने थर असे लावावेत: खाली शेण आणि गोठ्यातला केर, त्यावर वाळली कवळ, मग पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. माती नसेल तर भडका उडतो आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. मातीखाली ते धुमसत राहतं आणि जमीन बोटभर खोल तापते. तुकड्याभोवती दोन मीटरची पट्टी गवत खरवडून मोकळी करावी. पहाटे वारा पडलेला असताना, वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून पेटवावं, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळू सरकते. पाण्याची दोन पिंपं आणि हिरव्या डहाळ्या हाताशी हव्यात. राख विझेपर्यंत माणूस तिथून हलता कामा नये. शेजाऱ्याची काजूची बाग एका ठिणगीने जाते आणि मग ते वैर दोन पिढ्या पुरतं.

बियाणं एकरी पंधरा ते वीस किलो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतावं, ढवळावं आणि थांबावं. तरंगलेले पोल दाणे काढून टाकावेत. तळाचं भात दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवावं, कारण मीठ राहिलं तर उगवण मार खाते. मग ते सावलीत दिवसभर पसरून ठेवावं. उन्हात वाळवू नये.

खरा प्रश्न पेरायचं कधी. स्थानिक शेतकरी रोहिणीत धूळवाफेवर, कोरड्या मातीत पेरतात. पहिल्या पावसाला रोप उठतं आणि लावणी आठवडाभर आधी होते. पण एक सर येऊन पाऊस दडी मारून बसला तर उगवलेलं रोप वाळतं, आणि तेव्हा शिंपायला तुम्ही मुंबईत असता. त्यामुळे गादीवाफे मीटर-सव्वा मीटर रुंद, टीचभर उंच, पाण्याला उतार ठेवून तयार करून द्यावेत. अर्धं बियाणं पेरावं आणि अर्धं भावकीतल्या ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या ताब्यात द्यावं. त्याने पाऊस बघून पेरावं, मजुरीचे पैसे आधीच ठरवून द्यावेत.

दुपारची कामं आणि वाळवणं

दहा ते चार सावलीत बसून होणारी कामं भरपूर असतात. कोकम फोडणं त्यात पहिलं. पिकलेली लालभडक फळं धुऊन, अर्धी कापून, गर आणि बिया वेगळ्या कराव्यात. एक किलो गराला साधारण १०० ग्रॅम मीठ घालून त्याचा रस सुटू द्यावा. सालं उन्हात वाळवावीत, संध्याकाळी या रसात बुडवावीत, सकाळी पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा झालं की आमसूल काळसर आणि लवचिक होतं. भांडं चिनी मातीचं किंवा चांगल्या प्लॅस्टिकचं असावं, अॅल्युमिनियमला हे आंबट खाऊन टाकतं. मधेच आभाळ आलं तर अर्धी ओली सालं पसरून ठेवू नयेत, बुरशी धरते. मीठ वाढवून बरणीत दाबावीत, त्याचं आगळ होतं आणि सोलकढीची सोय होते. अमृत कोकमासाठी सालाच्या दुप्पट साखर थर लावून बरणीत घालावी आणि बरणी उन्हात ठेवावी. बिया धुऊन, वाळवून ठेवाव्यात, पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल लागतंच.

आंबापोळी आणि फणसपोळीला सलग तीन-चार कडक दिवस लागतात, म्हणून ती रजेच्या पहिल्याच आठवड्यात घालावी. आंबे झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) देठासकट उतरवावेत. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की तिथे काळा डाग पडतो आणि अढीत तो आंबा आधी सडतो. अढी भाताच्या पेंढ्यात, अंधाऱ्या पण हवेशीर खोलीत घालावी.

लाकडं जमिनीवर रचू नयेत. खाली चिऱ्याचे दगड, त्यावर आडवी लाकडं, जाड खाली आणि काटक्या वर. शेणी वेगळ्या, माळ्यावर. पडवीच्या पश्चिमेच्या बाजूला झापं किंवा ताडपत्री बांधताना वरची कड घट्ट आणि खालची थोडी सैल ठेवावी, वाऱ्याला वाट मिळाली की ती फाटत नाही.

ऊन, विंचू आणि वीज

सकाळी कामाला जाताना मीठ घातलेली पेज पिऊन जावं, चहावर जाऊ नये. दर वीस मिनिटांनी भांडंभर पाणी, दोन तासांनी कोकम सरबत किंवा पन्हं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही थांबायची खूण. माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग तापलं तर तो उष्माघात. त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

कौलांखाली, लाकडांत आणि गडग्याच्या दगडांत या दिवसांत लाल विंचू असतो. हातमोजे त्यासाठीच. डंखानंतर घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर घरी थांबू नये, लहान मूल असेल तर मुळीच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले, पण ते लवकर मिळायला हवं. फुरसं, घोणस, मण्यार किंवा नाग चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नये. हात-पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. आपल्या भागात सर्पदंशावरची लस कुठल्या रुग्णालयात आहे, हे पोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवावं.

वळवाचे ढग दुपारी तीननंतर जमतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे अॅप फोनमध्ये असू द्यावं. ढग गडगडले की कातळावरून आणि झाडाखालून निघून पक्क्या घरात यावं.

निघताना

आदल्या दिवशी माजघरात पुन्हा अंधार करून कवडसे बघावेत, पण ते दुपारीच, संध्याकाळी दिसत नाहीत. खडूची एखादी खूण राहून गेली असेल तर शेवटची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवावी. टीव्ही, फ्रीज, पंपाच्या पिना काढाव्यात, मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर उतरवून ठेवावा. धान्याच्या कणग्या भिंतीपासून हातभर लांब सरकवाव्यात. गाई-बैल भावाकडे असतील तर घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी झाली का ते विचारावं, पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून देतात. किल्ली शेजारी देताना उरलेली कौलं कुठे रचली आहेत ते त्याला दाखवावं आणि पहिला मोठा पाऊस पडला की एकदा घर उघडून वाशांचे फोटो पाठवायला सांगावं.